फिलूबाय, आणखी एक घोट

किस्से काय, कुठल्याही ऑफिसात साठतात. पण भीतीचे किस्से साठायचे तर हॉर्मोनच्या दवाखान्यातच नोकरी करावी लागते. तापाचा पेशंट गोळी घेतो नि विसरून जातो. आमच्याकडे येणाऱ्याला मुळात आपल्याला काय झालंय हेच कळलेलं नसायचं. कुणी चार चार वेळा जेवून वाळत चाललेला, कुणाचे हात थरथरतायत, कुणा बाईला दाढी फुटलेली. त्यात डॉक्टर शांतपणे सांगायचे, "काही नाही, एक एवढीशी ग्रंथी बिघडलीय." झालं, पेशंट आणखी घाबरायचा. आणि त्याच्या शेजारी सुई घेऊन उभा असलेला मी, सावंत, लॅब टेक्निशियन, त्याच्याहून जास्त. मी मुळातच भित्रा माणूस. हसा खुशाल.

ही गोष्ट नव्वदीच्या शेवटाची. दवाखाना वसई गावात, बाजारामागच्या गल्लीत. मी विरारहून यायचो. काउंटरवर फिलोमिना, म्हणजे आमची फिलूबाय, इथलीच. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, त्यामुळे मला "अरे सावंत" आणि मी तिला "अहो फिलूबाय". तिचा गळा म्हणजे देणगी होती. रविवारी चर्चमध्ये मिस्साला गायची, लग्नांच्या दिवसांत चार गावांतून बोलावणी यायची. आणि सोमवार ते शनिवार त्याच गळ्याने आमचे नंबर पुकारायची.

एकदा तिने दारात उभं राहून हाक दिली, "शुगरवाले नाईक, आत या!" नाईकांनी शुगर बायकोपासून तीन वर्षं लपवली होती. बायको नेमकी कोपऱ्यावर भाजी घेत होती. ती पिशवीसकट आत आली, नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे देवापुढचे पेढे उंदीर नव्हते खात."

डॉक्टरांनी फिलूबायला केबिनमध्ये बोलावलं. "बाई, नाव ओरडा. रोग नका ओरडू."

*

थायरॉईड तपासायची डॉक्टरांची एक पद्धत होती. पेशंटला समोर बसवायचं, फिलूबाय पाण्याचा ग्लास हातात देणार, आणि डॉक्टर गळ्यावर नजर ठेवून म्हणणार, "एक घोट घ्या." थायरॉईडची गाठ असेल तर ती गिळताना वर सरकते. संशय आला की म्हणायचे, "आणखी एक घोट." या तीन शब्दांचा अर्थ पेशंटला कळायचा नाही, आम्हाला कळायचा.

एका दुपारी पेशंट संपले होते. उन्हाळा मी म्हणत होता. फिलूबायने माठातलं पाणी घेतलं आणि केबिनच्या दारातच उभी राहून प्यायली. डॉक्टर काहीतरी लिहीत होते. त्यांनी सहज मान वर केली आणि त्यांचं पेन थांबलं.

"फिलूबाय," ते म्हणाले, "आणखी एक घोट."

ग्लासातलं पाणी तिच्या साडीवर सांडलं. मी रक्ताच्या बाटल्यांवर लेबलं लावत होतो, ती उलटी लागली. मग तिने तो दुसरा घोट घेतला.

*

गाठ सुपारीएवढी होती. डॉक्टर म्हणाले, सुईने तपासू, बहुतेक काढावी लागेल. फिलूबायने एकच विचारलं, "आवाज?"

डॉक्टर खोटं बोलायचे नाहीत, हा त्यांचा मोठा दुर्गुण. ते म्हणाले, आवाजाची नस थायरॉईडला अगदी खेटून जाते, सर्जन जपतात, पण शंभर टक्के खात्री कुणी देणार नाही.

"मग गाठ राहू दे," ती म्हणाली आणि बाहेर जाऊन नंबर पुकारायला लागली. दुसऱ्या दिवसापासून गळ्याला रुमाल बांधून यायला लागली. मे महिन्यात!

तेवढ्यात विरारच्या एका शाळेतले सर आले. त्यांचं तेच ऑपरेशन झालेलं, दीड महिना झाला होता. फिलूबायने नाव विचारलं तर सरांच्या तोंडून नुसती हवा. तिने तीनदा विचारलं, शेवटी त्यांनी कागदावर लिहून दिलं. डॉक्टर म्हणाले, नस फक्त दुखावलीय, चार-सहा महिन्यांत आवाज येईल. सरही हसून पुटपुटले, "वर्गात शिट्टी वाजवतो. पोरं आधीपेक्षा जास्त ऐकतात."

फिलूबायला त्यातलं फक्त पुटपुटणं ऐकू आलं. ती मागच्या खोलीत गेली आणि मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं. म्हणाली, "सावंत, मेले तर लोक गातील माझ्यासाठी. पण गळा गेला आणि मी राहिले तर?" मी तिला चहा आणून दिला.

*

त्याच पावसाळ्यात आगाशीचे एक वाडीवाले आजोबा आले. केळीच्या बागा होत्या त्यांच्या. गुडघेदुखीसाठी कुठल्याशा वैदूची पुडी वर्षभर घेत होते. गुडघे पळायला लागलेच, वर चेहरा गोल गरगरीत झालेला. घरचे खूश, म्हातारपणी तोंडावर तेज आलं म्हणून!

श्रावण लागला तशी आजोबांनी पुडी एकदम बंद केली. का, तर वैदू पुडीत काय घालतो कुणास ठाऊक, उगाच श्रावण मोडायला नको. पाचव्या दिवशी चौघांनी त्यांना उचलून आणलं. बी.पी. लागेना, डोळे पांढरे. डॉक्टर सलाईन लावता लावता ओरडले, "पुडीत स्टिरॉईड होतं! मूत्रपिंडावरच्या ग्रंथी वर्षभर झोपून होत्या, त्या एका दिवसात उठतात होय?"

आजोबा वाचले. शुद्धीवर आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "सलाईनमध्ये कांदा-लसूण नाही ना?" सगळे हसले. फिलूबाय हसली नाही. रुमाल घट्ट करत मला म्हणाली, "एवढ्याशा ग्रंथी, सावंत. माणसाला चार दिवसांत आडवा करतात."

*

पाचूबंदरच्या इनास मावशींची गोष्ट मात्र आमच्या डोळ्यांसमोर घडली. मासळी विकणाऱ्या, दणकट बाई. इन्सुलिन सुरू होतं, पण साखर काही उतरेना. डॉक्टर दर खेपेला डोस वाढवत गेले. डोस वाढतोय आणि रिपोर्ट तसाच. डॉक्टरसुद्धा बावचळले होते.

एका सकाळी मावशी बाकावर बसल्या होत्या. एकाएकी डॉक्टरांना शिव्या द्यायला लागल्या. मग शेजारच्या पेशंटला. बाकीचे लांब सरकले. कुणीतरी म्हणालं, अंगात आलंय. मी दारात थिजलो. पण फिलूबाय पुढे गेली, मावशींच्या कपाळाला हात लावला, तो ओला गार. आणि तिने असा आवाज काढला की गल्लीच्या टोकाचा चहावाला साखरेचा डबा घेऊन पळत आला. "साखर! साखर आना!" घाबरली की ती शुद्ध बोलणं विसरायची, घरची बोली बाहेर यायची.

साखरपाणी पोटात गेल्यावर पाच मिनिटांत मावशी माणसांत आल्या. डॉक्टरांनी विचारलं, या वेळी वेगळं काय केलंत?

"काय नाय," मावशी म्हणाल्या. "नवी बाटली ओल्या फडक्यान गुंडालून पान्याच्या मडक्याशी ठेवली. शेजारनीने सांगितलं."

"आणि आधीच्या बाटल्या?"

"तुमीच बोललात ना, थंड ठेवा. बर्फान ठेवायची. बोंबलांच्या पेटीत."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. गोठलेलं इन्सुलिन म्हणजे नुसतं पाणी. सहा महिने मावशी पाणी टोचत होत्या, आणि आज पहिल्यांदा खरं औषध गेलं, तेही वाढवलेल्या डोसाचं.

त्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर फिलूबायला म्हणाले, "आज तुमच्या गळ्याने एक बाई वाचली. आता गळ्यालाही वाचवू या." तिने गळ्याचा रुमाल सोडून टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "सुई टोचा."

*

सुईचा रिपोर्ट मुंबईहून माझ्या हातात आला. पाकीट मी उघडलं नाही, डब्याच्या पिशवीत ठेवलं आणि चार वाजेपर्यंत पिशवीकडे बघत बसलो. फिलूबाय शेवटी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "दे इकडे. नाहीतर बाहेर उभी राहून तुझ्या नावाने पुकारा करीन."

रिपोर्टमध्ये कॅन्सरचा संशय होता. गाठ काढणं भाग होतं.

ऑपरेशनच्या आदल्या रविवारी ती मिस्साला गायली. मी हिंदू माणूस, चर्चमध्ये कधी बसलो नव्हतो, त्या दिवशी मागच्या बाकावर जाऊन बसलो. ती काय गात होती मला कळलं नाही. मला भरून आलं आणि फार भीती वाटली.

*

ऑपरेशन मुंबईच्या एका हॉस्पिटलात झालं. गाठ अख्खी निघाली. सर्जन म्हणाले, नस आम्हाला दिसली होती, शाबूत आहे, बाईंना बोलायला सांगा.

फिलूबाय बोलेना. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. जावयाने पाटी आणून दिली होती, तिच्यावर लिहायची. पाणी. उशी. घरी कोण आहे. मी तिसऱ्या दिवशी भेटायला गेलो तेव्हा तिचा नवरा व्हरांड्यात रडत होता. आवाज गेला, असं तो धरूनच चालला होता. मी आत जाऊन म्हटलं, "फिलूबाय, एकदा हाक मारून तर बघा." तिने पाटीवर लिहिलं, 'नाही आला तर?' आणि पुसून टाकलं.

शेजारच्या खाटेवर चांदीपच्या एक आजी होत्या. पायाला जखम, शुगरच्या पेशंट. सकाळचं इन्सुलिन घेतलेलं, पण त्या दिवशी चतुर्थी निघाली, म्हणून सुनेला कळू न देता जेवणाचं ताट खाटेखाली सरकवलेलं. दुपारचे अडीच वाजले होते. सून म्हणाली, "छान झोप लागलीय आज." मी मान डोलावली. मीसुद्धा, बघा, इतकी वर्षं रक्त काढणारा माणूस.

फिलूबाय आजींच्या कपाळाकडे बघत होती. अंगावरची चादर फेकून ती उठली, आजींच्या कपाळाला हात लावला, वळली.

"साखर! अरे, साखर आना कुनीतरी!"

दोन नर्स पळत आल्या. पलीकडच्या वॉर्डातून एक डॉक्टर आले. जिन्याखालचा वॉचमन वर आला. ग्लुकोज टोचलं, आजींनी डोळे उघडले, सून रडायला लागली. व्हरांड्यातून फिलूबायचा नवरा येऊन दारात नुसता उभा राहिला.

सगळे फिलूबायकडे बघत होते. ती खाटेवर बसली. गळ्याच्या पट्टीवर हळूच हात ठेवला. मग तिने उशाखालची पाटी काढली, माझ्याकडे वळवून त्यावर लिहिलं:

'कोण ओरडलं?'