साडूचा अपडेटचा नेम

तत्त्वासाठी फासावर गेलेले जगात पुष्कळ. तत्त्वासाठी दुसऱ्याला फासावर चढवणारा मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. जोगेश्वरीच्या त्याच्या दोन खोल्यांतल्या कॉम्प्युटरवर लिनक्स या फुकटच्या सिस्टीमखेरीज दुसरं काही चालत नसे. विकतची सिस्टीम वापरणारा पाहुणा आला तर त्याला चहा मिळे, पण 'अजून भाड्याच्याच घरात का?' हा टोमणाही मिळे. लिनक्सचं आतलं सगळं कोडिंग उघडं असतं, कोणीही वाचावं, याचं त्याला कोण कौतुक! एकदा मी विचारलं, "तू वाचलंयस?" तर म्हणाला, "वाचता येतं ना यार, ते महत्त्वाचं." रोज आंघोळ झाली की देवाला फूल आणि कॉम्प्युटरला अपडेट, हा त्याचा नेम. मेहुणी तापाने फणफणली होती तेव्हाही आधी अपडेट झालं, मग डॉक्टर. आणि अपडेट झालं की जुनं सगळं लगेच पुसायचं. अडगळ त्याला खपत नसे.

पडद्यावरची चित्रं झपाट्याने हलवणारं ग्राफिक्स कार्ड होतं महागडं, पण त्याला कामाला लावणारा कंपनीचा ड्रायव्हर याने उंबऱ्याबाहेर ठेवलेला. का, तर कंपनी तो कुलूपबंद देते. "आत काय आहे ते दाखवत नाही, तो माझ्या घरात नको." म्हणून एवढ्या कार्डावर साधा व्हिडिओही अडखळत चाले.

माझ्या सईला ॲनिमेशनच्या कॉलेजात जायचं होतं. प्रवेशासाठी स्वतः केलेली छोटी फिल्म पाठवायची होती, आणि आमच्या घरच्या लॅपटॉपला ती पेलवेना. "काका, तुमचं कार्ड वापरू?" एवढंच पोरीने विचारलं आणि या माणसाने जन्माचं व्रत मोडून कंपनीचा ड्रायव्हर घातला. हे मी नाकारत नाही.

शेवटच्या दिवशी शेवटचा प्रसंग तेवढा रेंडर व्हायचा होता, म्हणजे कार्डाने त्याची पक्की फिल्म करून द्यायची होती. फिल्म घेणारं कॉलेजचं पोर्टल पाचला बंद होणार होतं. आम्ही दुपारी पोचलो तर पडदा काळा. सकाळी नेमाप्रमाणे अपडेट झालं होतं. लिनक्सचा गाभा नवा आला, कंपनीच्या ड्रायव्हरचं त्याच्याशी जुळेना, आणि परत जुन्या गाभ्यावर जावं, तर तो या स्वच्छतेच्या भोक्त्याने पुसून टाकलेला. "वाट लागली रे," तो म्हणाला. पडदा उजळला तेव्हा सात वाजले होते. सईने तोवर बॅग उचलली होती.

मी त्याला जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. सई आता मालाडच्या एका ऑफिसात दिवसभर परक्यांच्या तक्रारी ऐकते. "बाबा, सोडा ना," म्हणते. मी दोन वर्षं त्याच्या घराची पायरी चढलो नाही.

परवा हळदीकुंकवाला बायकोला सोडायला गेलो आणि आत जावंच लागलं. कॉम्प्युटर चालू होता. पडद्याच्या कडेला त्याच्याच अक्षरातली चिठ्ठी: 'अपडेट करू नये. सईचं काम बाकी आहे.'

"अरे, दोन वर्षं केलं नाहीस?"

"तिची फिल्म आहे तशी चालते ना. कधी आली तर..."

"लाव," मी म्हटलं. आम्ही दोघांनी ती पाहिली. शेवटच्या प्रसंगापाशी ती थांबली. माझा राग अजून गेलेला नाही. पण चहा घेतला, आणि सईला कधी पाठवू, हे विचारायचं अगदी ओठांवर येऊन राहिलं.