आमच्या ताफ्यातली म्हातारी ‘भीमा’

पावसाळ्यात लोणावळ्यात धुणं वाळत नाही, ढीग वाढतच जातो. आमच्या नाटकांच्या किश्श्यांचंही तसंच!

साठच्या दशकात आम्ही रेल्वे शेडमधली मंडळी दर गणपतीत अंतराळातलं नाटक करायचो. लेखक मी. शेकडो वर्षांनंतरचा जहाजांचा ताफा, त्यात सगळ्यात जुनं जहाज ‘भीमा’. बांबू-पत्र्याचं, बिनतळाचं. कप्तान बबनआबा, कुरवंडे गावचे, शेडमधलेच फिटर. जहाज खांद्यावर घेऊनच ते स्टेजवर फिरायचे.

*

तालमीत आमचा इलेक्ट्रिशियन गोपाळ म्हणाला, “त्या काळात असला खटारा कोण ठेवेल?”

आबा म्हणाले, “हिचा पार्ट मोडला तर दुसरीचा काडून बसवता येतो. तुज्या नव्या जहाजाचा कुटनं आणशील? मंगळावरनं?”

मी ते वाक्य तसंच नाटकात घातलं. काय टाळ्या पडल्या!

*

मग सुधारणांची टूम निघाली. गोपाळनं ‘भीमा’ला सरकतं दार बसवलं. ऐन प्रयोगात ते अडकलं आणि शत्रू बाहेर ताटकळत उभा! आबांनी सरळ जहाज उचललं, खालून बाहेर आले.

“जुनं दार कदी अडकत न्हाई!”

*

आंदर मावळातून नाटक बघायला चालत आलेल्या एका म्हाताऱ्यांनी मला गाठलं. “म्हातारं जहाज किती वर्सं ठिवता?”

“चालतंय तोवर.”

“आन् मंग?”

“म्युझियममध्ये,” मी ऐटीत म्हणालो.

“आमचा बैल तर गोठ्यातच ऱ्हातो!”

*

आबा निवृत्त झाले त्याच वर्षी गणपतीच्या कमिटीनं ठरवलं: पहिल्याच अंकात ‘भीमा’ भंगारात, आबांचं काम खलास. आबा मला म्हणाले, “शेडमदनं काडलं. आता हितनंबी?” फार वाईट वाटलं मला. पण कमिटीपुढे माझं काही चाललं नाही.

प्रयोगात आबांनी सलाम ठोकला आणि ‘भीमा’ घेऊन विंगेत गेले. मग गोपाळचं नवंकोरं जहाज आलं. चाकांवरचं, आत चौघं! ते चढणीच्या फळीवर अर्ध्यात अडलं. पब्लिक शिट्ट्या मारायला लागलं.

खंडाळ्याच्या घाटात जड गाडीला मागून रेटायला जादा इंजिन लावतात, त्याला आम्ही बँकर म्हणतो. घाट संपला की ते सुटून माघारी जातं. तर विंगेतून आबा ‘भीमा’सकट परत! नाक नव्या जहाजाच्या पाठीला टेकवलं आणि ओरडले, “बँकर लागलाय! चल!”

जहाज वर!

आतून गोपाळ ओरडला, “आबा, चढलं! आता सुटा!”

“सुटतो कशाचा? घाट कुटं संपलाय?”