निळ्या खसखशीसाठी

माझ्या लेकीला, निशाला, ओकाऱ्या होतायत आणि ती हसतेय, हे काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. ती घांगरियाला आहे, उत्तराखंडात. फुलांच्या दरीत जायला ज्या गावात मुक्काम करतात, तिथे. मी वेसाव्यात, अंधेरीच्या समुद्राकडच्या टोकाला, आमच्या कोळीवाड्यातल्या घरात. मध्ये किती डोंगर आहेत ते फोनवर नकाशा उघडून पाहिलं आणि लगेच बंद केलं.

संध्याकाळी ती वडिलांशी बोलत होती. फोन स्पीकरवर होता आणि मी आत कोलंबी सोलत होते.

"पप्पा, मला बोट लागलीय. डोंगरावर!"

"कालच्याहून कमी हाय ना?" ह्यांनी विचारलं.

माझ्या हातातली कोलंबी तशीच राहिली. कालच्याहून? म्हणजे कालपासून होतंय आणि ह्यांना माहीत होतं?

"सेमच आहे. डोकं पण ठणकतंय. मम्मीला सांगू नका हां, ती वाट लावेल माझी."

"नाय सांगत. सुकं काय तरी चावत रा. आडवी पडू नको, लांब बघत बस. उद्या आपोआप उतरेल. मागं फिरू नको फक्त, बाय."

आणि दोघं हसले. मी बाहेर येईपर्यंत फोन ठेवलेला.

ह्यांचं म्हणणं कळायला आमच्याकडची रीत माहीत हवी. रामचंद्र, माझे यजमान, स्वतःच्या होडीचे तांडेल. समुद्रात होडी ह्यांच्या शब्दावर चालते. निशा नऊ वर्षांची असताना हट्ट करून ह्यांच्याबरोबर गेली होती. पोरीला होडीवर नेलं म्हणून गल्लीत केवढी बोलणी झाली. किनारा दिसेनासा झाल्यावर तिला बोट लागली आणि ती ओकत सुटली. होडीवरचे लोक टाळ्या पिटून हसले, कारण पहिल्यांदा ओकणाऱ्याला हसायचंच असतं. पण होडी काही माघारी वळली नाही. बोट लागलेल्या माणसासाठी होडी वळवायची नाही. वळवली तर त्याला समुद्र आयुष्यभर लागतो, असं आमच्याकडे मानतात. ह्यांनी तिच्या हातात भाकरीचा कडक तुकडा दिला आणि लांब बघायला लावलं. दुपारी पोरगी कालवण-भात जेवली. परत आली ती अशी मान वर करून, जणू होडी तिनेच हाकली. मी रडत होते आणि ती मला म्हणाली, "मम्मी, उलटी आली तर बोलायचं नसतं. जाते ती."

हे ती तेव्हा शिकली. अजून तसंच करते. दहावीच्या पेपराला अंगात ताप घेऊन बसली, लॅबमध्ये हात भाजला तर चार दिवस लांब बाह्यांचे कपडे घातले. कुठे दुखतंय का विचारलं की हसते. तिचं हसू बघून दुसऱ्यांना बरं वाटतं, मी तिचं कपाळ चाचपून बघते.

खरं तर ती समुद्राचीच व्हायची. आमच्यात डोंगर चढायचा तो कार्ल्याला, एकवीरा आईच्या पायऱ्यांचा. तेवढाच, तोही गुलाल उधळत. हिने कॉलेजात बॉटनी घेतली. तिची आजी, माझ्या सासूबाई, बाजारात मासे विकतात. त्या म्हणाल्या, "झाडांचं शिकून काय करशील गो? झाडाला पापलेटं लागतात काय?"

"लागली असती तर तू बाजारात कशाला बसली असतीस, आजी? झाडाखाली बसली असतीस."

सासूबाईंनी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि तोच विनोद बाजारभर सांगत फिरल्या.

आता ती मरोळला औषधाच्या गोळ्या तपासते. दिवसभर पांढऱ्या गोळ्या आणि पांढऱ्या भिंती. म्हणून असेल, सुट्टी आली की रंग शोधत निघते. आधी बोरिवलीचं जंगल, मग सह्याद्रीतली पठारं. एकदा मलाही साताऱ्याकडे घेऊन गेली. घरी दोन वाक्यं धड न बोलणारी माझी मुलगी तिथे पोटावर, चिखलात, पालथी पडली होती आणि अनोळखी बायकांना नखाएवढ्या फुलाबद्दल सांगत होती. हे फूल किडे खातं, ह्याचं तोंड इकडे आहे, काकी पाय जपून. त्या बायका वाकून वाकून बघत होत्या. मी थक्क होऊन उभी. ही कोणाची मुलगी, असं क्षणभर वाटलं. कपडे धुताना चिखल निघेना, पण मी बोलले नाही.

दोन वर्षांपासून एकच धोशा. "मम्मी, हिमालयात खसखशीचं फूल निळं असतं. फोटोतला निळा खोटा वाटतो गं. समोर बघितल्याशिवाय मला पटणार नाही." ते म्हणे घांगरियाच्याही वर, हेमकुंडाच्या वाटेवर, दगडांच्या खाचेत उमलतं. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, जाळी दुरुस्तीला असतात, तेव्हा आमच्याकडे कुणाला कुठे जायला ना नसते. मैत्रीण बरोबर होती, लॅबमधलीच, कांदिवलीची संघमित्रा. ट्रेकचा लीडर सौरभ नावाचा मुलगा, शांत, समजूतदार. निघताना त्याने सगळ्या आईवडिलांना आपला नंबर दिला होता. मी हो म्हटलं.

संध्याकाळी मी ह्यांना विचारलं, "डोंगरावर बोट कशी लागेल हो?"

"दर्या काय न डोंगर काय, पोट तेच हाय माणसाचं."

"आणि डोकं? समुद्रात डोकं ठणकतं का दोन दोन दिवस?"

"तू भिऊ नको. पोरगी माझी हाय."

माझी नाही का? पण मलाही थोडं पटलं होतं. जेवण झाल्यावर फोनवर वाचत बसले. वाचलं ते नेमकं उलटं. तिथे हवा विरळ असते. डोकं दुखून उलट्या झाल्या तर थांबायचं, वर जायचं नाही. तोल जायला लागला तर लगेच खाली उतरायचं. म्हणजे आमच्याकडे ज्याने माणूस बरा होतो, त्यानेच तिथे मरू शकतो. मी ते तीनदा वाचलं. निशाला फोन लावला, बंद. झोप येईना म्हणून हे लिहायला बसले. लिहिताना वाटत होतं, तोल तर जात नाहीये तिचा. सकाळी बोलू, समजावू.

आत्ता संघमित्राचा मेसेज आला.

"काकी सॉरी, निशाने शपथ घातली होती. आज तिला सरळ चालता येत नव्हतं, भिंत धरून बाथरूमला गेली. लीडर सगळ्यांचा ऑक्सिजन मोजायला आला तेव्हा 'माझं झालं' म्हणून ती सटकली. विचारलं की झकास म्हणते. आम्ही पहाटे हेमकुंडला निघतोय. सांगितलं तर कायमचं बोलणार नाही म्हणाली. मी काय करू?"

मी ह्यांना हलवून उठवलं आणि फोन तोंडासमोर धरला. ह्यांनी तो वाचला, मग मी आधीचं वाचलेलंही दाखवलं. हे पलंगावर बसून राहिले.

"मी तिला मागं फिरू नको बोललो," हे म्हणाले. मग परत तेच म्हणाले.

"मी सौरभला फोन करते."

"तो तिला खाली पाठवील. फूल ऱ्हाईल तिचं. माझ्यावर विश्वास ठेवून सांगितलं गो तिनं, परत कधी काय सांगणार नाय ती आपल्याला."

खरं आहे ते. मी तिला ओळखते. दोन वर्षं ज्यासाठी रजा साठवली ते अर्ध्या दिवसाच्या वाटेवर असताना आईने चहाडी करून खाली उतरवलं, हे ती विसरणार नाही. पुढच्या वेळी दुखलं तर बापालाही कळू देणार नाही. संघमित्राशी बोलणं तोडेल. घरी आल्यावर माझ्याकडे बघून हसेल, आणि त्या हसण्यामागे काय आहे ते मला कधीच कळणार नाही.

न कळू दे. भिंत धरून चालतेय ती.

"करू का?" मी विचारलं. ह्यांनी मान हलवली नाही, पण दिवा लावला. सौरभ झोपला असेल तर उठेल, नाही उचलला तर उचलेपर्यंत लावीन. लिहिणं इथेच ठेवते. फोन करते.