पन्नाशीत आकडे शिकलेले पदाजीदादा

रंगखात्यात मी सकाळचे नमुने तपासत होतो. दारवान सांगत आला, कोपरीहून कुणी बाई आल्या आहेत. फाटकाशी पदाजीदादांची सून उभी होती. "आमचं म्हातारं गेलं, सायेब," एवढंच ती म्हणाली... त्याला आता महिना होऊन गेला. पण टाकीपाशी कुणी दादांसारखं मोठ्यानं बोललं की अजून मी वळून बघतो.

दादांचं अर्धं आयुष्य कोपरीजवळच्या मिठागरात गेलं. वाफ्यातलं पाणी दोन बोटांत चोळून मीठ कधी धरेल ते सांगत, आणि सांगितलेलं चुकत नसे. स्वातंत्र्यानंतर दोनेक वर्षांनी ते मिठागर बंद पडलं, आणि पंचेचाळिशी उलटलेले दादा ठाण्यातल्या आमच्या कापड रंगवण्याच्या कारखान्यात लागले. मी तिथं नवा केमिस्ट होतो. रंग कापडाला धरावा म्हणून टाकीत मीठ घालावं लागतं. ते मोजायला आकडे कोरलेली काचेची नळी पाण्यात तरंगत सोडायची, एवढं सोपं काम. पण दादा नळीला हातही लावत नसत. ओगराळ्यात पाणी घ्यायचे, बोटं बुडवायचे आणि म्हणायचे, "झालं, सोडा कापड." तीन वर्षं त्यांचा अंदाज बरोबर आला. मीही त्यांच्या शब्दावर नोंदवहीत मीठ मोजल्याची सही ठोकत असे.

मग वाफेवर तापणाऱ्या नव्या टाक्या आल्या. पहिल्याच आठवड्यात निळ्या कापडाचा अख्खा घाणा डागाळून निघाला. व्यवस्थापकांनी बॉयलरवरच्या गणपतला बोलावलं; वाफ कमी दिली, असा त्याच्यावर ठपका ठेवला. गणपत रडकुंडीला आला होता. तेवढ्यात मागून दादा पुढे झाले. "वाफ बराबर व्हती. माजा हात चुकला. ऊन पान्यात मीठ येगळं लागतं, मना समजलं नाय."

"मग नळी काय सांगत होती?" व्यवस्थापकांनी विचारलं.

दादांनी ओले हात धोतराला पुसले. "मना आकडं येत नाय, सायेब."

तीन वर्षं ही गोष्ट त्यांनी कुणाला कळू दिली नव्हती. त्या दिवशी पन्नास माणसांसमोर सांगितली. वहीत सही माझी होती, ते दादांना ठाऊक होतं. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आणि मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापक साहेबांना जाऊन सगळं सांगितलं खरं, पण तो एक दिवस अजून सलतो.

साहेबांनी दादांना नळी वाचायला शिकण्यासाठी महिन्याची मुदत दिली. जेवणाच्या सुट्टीत आम्ही मिठाच्या पोत्यांवर बसायचो, मी पाटीवर आकडे काढायचो. चार आणि पाच यांत ते रोज अडायचे. आकड्यांपेक्षा दुसरंच काही त्यांना जड जात होतं. त्यांचं जेवणही कमी झालं. एकदा हात पुढे करून म्हणाले, "तीस वर्सं याच्यावर जगलो. आता याला खोटा म्हनायचा?" दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते आलेच नाहीत. दुपारी उशिरा चिखलानं माखलेल्या पायांनी हजर झाले. बंद मिठागराच्या बांधावर बसून आले होते. "तिथं पन आता काय नाय रं," म्हणाले, "शिकव."

महिना संपायच्या आत ते नळी वाचू लागले. पुढे चार वर्षांनी झाकणबंद यंत्रं आली. आत पाणी दिसेना, सगळा कारभार तबकड्यांच्या काट्यांवर. तेव्हा शिकलेली तरुण मंडळी कुरकुरली. यंत्रापुढे पहिले उभे राहिले ते दादा. "एकदा अडानी हाय म्हनून सांगून टाकलं ना," ते मला म्हणाले, "मंग कशाची लाज वाटत नाय."

माणसाच्या मनाला यंत्रांचा हा वेग झेपेल का, यावर हल्ली बरंच बोललं जातं. मला एवढंच सांगता येईल, की दादांना तो झेपला, पण फुकट नाही. आणि कुणालाच तो फुकट झेपत नाही, हे ते विसरले नाहीत. निवृत्तीच्या आधी त्यांनी सुताराकडून एक बाकडं करून घेतलं आणि पहिल्या तबकडीसमोर ठेवलं. शिकणाऱ्यानं बसून शिकावं, उभ्या माणसाला घाई होते, असं त्यांचं म्हणणं. गेल्या आठवड्यात कळव्याचे एक गृहस्थ नवे लागले. वय पन्नाशीच्या पुढचं, आजवर भातशेती केलेली. मी बसा म्हटलं तर संकोचून म्हणाले, "सायेब उभं, आन् मी कसा बसू?"

"इथं असंच असतं," मी म्हणालो.

ते अंग चोरून टोकावर बसले. मी शेजारी उभा राहिलो आणि पहिला आकडा दाखवला.