बाईंचा नंबर

पर्समध्ये फोन टुणकन वाजायचा. बाई बोलता बोलता थांबायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या, फोन नाकाजवळ धरून वाचायच्या आणि खोलीभर नजर फिरवून विचारायच्या, "पोचला. कुणाचा हाय?"

कोपऱ्यातून एखादा हात वर व्हायचा. "माझा, बाई."

"म्हशीची फॅट साडेसहा लागली म्हणून मला कळवालायस व्हय? म्हशीला सांग की, खूश हुईल."

खोली हसायची. बाई चष्मा खाली ओढून पुन्हा आपल्या मुद्द्यावर यायच्या.

ही खोली म्हणजे कोल्हापुरात मंगळवार पेठेत एका पिठाच्या गिरणीवरची. दर रविवारी सकाळी आम्ही पंधरा-वीस प्रोग्रामर तिथं जमतो. पुण्या-बेंगळुरूला न गेलेले, किंवा जाऊन तोंड पाडून परत आलेले. कुणी फौंड्रीच्या भट्टीचं तापमान दाखवणारा प्रोग्राम लिहितो, कुणी ऊसतोडीच्या पाळीचा, कुणी आजऱ्याच्या काजूवाल्याचं दुकान फोनवर आणून देतो. खाली गिरणी सुरू झाली की टेबल थरथरतं आणि लॅपटॉपच्या कळांवर पिठाचा थर बसतो. बाई दूध संस्थांचं काम करायच्या. पन्नाशी ओलांडलेल्या. आमच्यातल्या निम्म्यांनी पहिल्यांदा की-बोर्डला हात लावला तो त्यांच्याच क्लासात, म्हणून त्या सगळ्यांच्या बाई.

मेसेज पाठवणारा प्रोग्राम लिहिला की तो खरंच पाठवतो का हे बघायला एक नंबर लागतो. क्लासात बाईंनी स्वतःचाच नंबर फळ्यावर लिहिला होता. "हा घाला. मी बघतो पोचला का." (आमच्याकडच्या बायका 'मी बघतो, मी येतो' असंच म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांनी दचकू नये.) ती सवय लागली ती लागली. क्लास सुटला, लग्नं झाली, पोरं झाली, पण कोल्हापुरात कुणीही प्रोग्राम लिहिला की चाचणीचा नंबर बाईंचा. त्यांना दिवसभर मेसेज यायचे. तुमचं पार्सल निघालं. तुमची भट्टी तापली. तुमच्या मुलाची आज शाळेत गैरहजेरी. बाईंनी लग्न केलं नव्हतं, पण या गैरहजर मुलाची त्या फार काळजी करायच्या. "आज पण गेला न्हाय बघ," असं मला सांगायच्या. प्रत्येक मेसेजला त्यांचं एकच उत्तर यायचं, 'पोचला'. ते आलं की आपण निर्धास्त.

बैठकीचा एक नियम होता, तोही बाईंचाच. सुरुवातीला ज्याच्या हातून आठवड्यात चूक झाली त्यानं उभं राहायचं आणि ती सांगायची. 'पण' म्हणायचं नाही. गिऱ्हाइकावर, लाइटीवर, बायकोवर ढकलायचं नाही. सगळं सांगून झालं की बाई म्हणायच्या, "पोचलं. बस खाली." तोवर बसायचं नाही. इचलकरंजीचा एक गडी आपल्या गिऱ्हाइकांवर, यंत्रमागवाल्यांवर, ढकलत अर्धा तास उभा होता. शेवटी म्हणाला, "मीच तपासलं नव्हतं." बाई म्हणाल्या, "पोचलं. पाय दुखलं असतील, बस."

आता माझं सांगतो. तुम्ही म्हणाल व्यक्तिचित्रात स्वतःचं काय घुसवतोस, पण इलाज नाही.

बाईंचं माहेर शिरोळ तालुक्यात, नदीकाठच्या एका गावात. त्यांची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, त्यामुळं पाणी पहिल्यांदा त्यांच्याच दारात. मागच्या महापुरात गावात दवंडी झाली ती वरच्या आळीपर्यंतच. खालच्यांना कळलं तेव्हा चुलीत पाणी होतं. बाईंनी ते कधी आवाज चढवून सांगितलं नाही. एका रविवारी वही घेऊन आल्या. वस्तीतल्या सव्वाशे घरांत स्वतः फिरून लिहून आणलेलं होतं: घरातलं एक नाव, एक नंबर, कुणाला उचलून न्यावं लागेल, कुणी कुठल्या ट्रॅक्टरवर बसायचं. "पाणी घाटावरच्या धोक्याच्या खुणेला लागलं की परत्येकाला त्याच्या नावानं मेसेज गेला पायजे," त्या म्हणाल्या. "नावानं. नुसतं 'ग्रामस्थांनो' म्हटलं की आमच्या लोकांना वाटतंय, दुसऱ्या कुणाला तरी म्हणालेत."

काम मी घेतलं. मला त्या वेळी जरा हवाच होती डोक्यात. प्रोग्राम चांगला झाला, हे आजही म्हणतो. त्यात एक बटण होतं, 'चाचणी'. ते चालू असलं की मेसेज कुणाच्याही नावाचा असो, जायचा बाईंच्या नंबरावर. बंद केलं की ज्याचा त्याला.

पावसाळा आला, धरणातून पाणी सुटलं. बाई वस्तीवर गेल्या, त्यांची म्हातारी आई तिथंच होती. आदल्या दिवशी मी मेसेजात जमायची जागा म्हणून बुद्धविहाराऐवजी शाळेचं नाव घातलं, कारण विहाराच्या पायऱ्यांपर्यंत पाणी येईल असं बाई म्हणाल्या होत्या. चाचणी चालू केली, एक मेसेज टाकला. उत्तर आलं, 'पोचला'. झालं! आमच्यातली एक मुलगी म्हणाली, "दादा, एकदा मी वाचू का?" दुसऱ्यानं वाचल्याशिवाय काही चालू करायचं नाही, हा आमचाच नियम. मी तिच्यावर खेकसलो, "मी काय काल आलोय का गं?" ती आपल्या जागेवर जाऊन बसली. आज आठवलं तरी मला माझी लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला नदीच्या घाटावर पाण्यावर नजर ठेवून बसलेल्या शाळेच्या मास्तरांचा फोन आला. पाणी खुणेला लागलं होतं. खोलीत आम्ही चौघं होतो. मी बटण दाबलं. पडद्यावर एकेक नाव हिरवं होत गेलं, सव्वाशेच्या सव्वाशे. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी चहा ओतायला घेतला.

तेवढ्यात बाईंचा फोन.

"किती पाठवलास?"

"सगळे, बाई! सव्वाशे!"

"मग सव्वाशे मलाच आल्यात."

आवाज शांत होता. मला वाटतं ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. चाचणी. चाचणी चालूच होती. हिरवं झालेलं प्रत्येक नाव बाईंच्या पर्समध्ये जाऊन पडलं होतं आणि वस्तीत कुणाला काही ठाऊक नव्हतं.

"बाई, थांबा, आत्ता करतो." मी बटण बंद केलं, पुन्हा पाठवलं. सगळी नावं लाल. एकाच नंबरावर एवढे मेसेज टाकले म्हणून मेसेज कंपनीनं आम्हाला चोर समजून दार लावून टाकलं होतं. मदतीला फोन लावला तर मराठीसाठी एक दाबा, तक्रारीसाठी चार दाबा. मी अशा शिव्या दिल्या की खालची गिरणी ऐकत राहिली असंल.

"ते सोड आता," बाई म्हणाल्या. "सगळ्यांचं मेसेज माझ्याजवळ हायत न्हवं? मग मीच वाटतो. फोन ठेव, चार्जिंग कमी हाय."

आणि त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतरचे अडीच तास माझ्या आयुष्यातले सगळ्यात वाईट. आम्ही चौघांनी यादी वाटून घेतली आणि एकेकाला फोन लावत सुटलो. निम्मे लागत नव्हते. लागले ते म्हणत, "कोण बोलतंय? कुठलं पावणं?" घाटावरचे मास्तर दर पंधरा मिनिटांनी सांगत, अजून एक पायरी गेली. ती मुलगी, जिच्यावर मी खेकसलो होतो, ती एकामागून एक नंबर फिरवत होती. माझी तिच्याकडं बघायची छाती झाली नाही. मी मनात घरं मोजत होतो. अनुसया आजी, उचलून न्यावी लागेल. तिसरं घर, बाळंतीण. बाईंनी लिहिलेली ती वही मला पाठ झाली होती, तेव्हा कळलं.

तिकडं काय झालं ते नंतर बाईंच्या आईनं सांगितलं. बाई गुडघाभर पाण्यातून घरोघर गेल्या. दारात उभं राहून फोन वर धरायचा आणि मोठ्यानं वाचायचं: "अनुसया कांबळे, पाणी खुणेला लागलं हाय. शाळेत जायचं. सुताराचा ट्रॅक्टर." लोक म्हणायचे, बघू दुपारी. बाई म्हणायच्या, "तुझ्या नावानं आलाय. हे बघ नाव." नाव बघितलं की माणूस उठायचा. जो उठला त्याचा मेसेज पुसून टाकायचा आणि पुढच्या दारात. फोनमध्ये एकही मेसेज उरला नाही तेव्हा त्या आईला घेऊन शेवटच्या ट्रॅक्टरवर चढल्या.

दीड वाजून गेल्यावर माझा फोन टुणकन वाजला. एकच शब्द होता, 'पोचले'.

खरं सांगतो, गिरणीच्या जिन्यावर बसून मी ढसाढसा रडलो.

पाणी उतरल्यावरचा पहिला रविवार. बाई आल्या, पायाला पट्टी, पत्रा लागला होता. चुका सांगायची वेळ झाली. मी उभा राहिलो. सगळं पाठ करून गेलतो. तोंड उघडलं आणि निघालं काय, तर "मेसेज कंपनीनं आपल्याला ऐन वेळी बंद केलं."

खोटं नव्हतं ते. सगळे कंपनीवर तुटून पडले. खोलीत आम्ही चौघं होतो खरं, पण बाकीच्या तिघांना वाटत होतं, प्रोग्रामातच काही बिघडलं असंल. आदल्या दिवशी ते बटण कुणी दाबलं आणि कुणी विसरलं, हे मला आणि बाईंनाच ठाऊक होतं. बाई माझ्याकडं बघत होत्या. 'पोचलं' म्हणाल्या नाहीत. गिरणी सुरू झाली, टेबल हललं, पुढचा गडी उभा राहिला आणि त्या गडबडीत मी बसलो.

त्यानंतरही माझ्या प्रत्येक चाचणीला त्यांचं 'पोचला' वेळेवर यायचं. वागण्यात तसूभर फरक नाही. एकदा फक्त जिना उतरताना कठड्याला धरून म्हणाल्या, "तुझं एक राहिलंय बघ."

"काय, बाई?"

"सवडीनं सांग. मी कुठं जातोय?"

दर रविवारी मी ठरवून जायचो आणि दर रविवारी दुसऱ्याच कुठल्यातरी फालतू चुकीवर भागवायचो. त्या "पोचलं, बस" म्हणायच्या, आणि मला वाटायचं आता म्हणतील, ते दुसरं कुठं हाय?

थंडीत त्यांना दवाखान्यात ठेवलं. छातीत पाणी झालं होतं. मी गेलो. त्यांचा भाऊ बाहेर औषध आणायला गेला होता, खोलीत आम्ही दोघंच. याहून चांगली सवड कुठली! बाईंनी डोळे उघडले. "काय रे?"

"काय न्हाय, बाई. लवकर बऱ्या व्हा."

त्या म्हणाल्या, "बरं." तिसऱ्या दिवशी गेल्या.

पुढच्या रविवारी खोली भरलेली होती. त्यांची खुर्ची कुणी घेतली नाही. ती मुलगी म्हणाली, "सगळ्यांच्याच प्रोग्रामात बाईंचा नंबर आहे. आता कुठला घालायचा?" बहुतेकांनी तो काढलेला नाही, मीही नाही.

मी उभा राहिलो. सांगितलं. बटण, चाचणी, तिच्यावर खेकसलो ते, बाई पाण्यातून फिरल्या ते कुणामुळं, आणि इतके महिने कंपनीच्या आड लपलो ते. दवाखान्यातलंही सांगितलं. एकदाही 'पण' म्हणालो नाही.

ती मुलगी खाली बघत होती. मग हळूच म्हणाली, "बसा की, दादा."

चहा आला. सगळ्यांनी घेतला. माझा टेबलावर ठेवला, गिरणी सुरू झाली तसा पेल्यात थरथरत होता. मी खुर्चीच्या पाठीला धरून उभाच होतो.