व्याह्यांचा ट्रक मी धुतला

लासलगाव-दिल्ली रोडला माझ्या ट्रकइतका लख्ख ट्रक दुसऱ्या कुणाचा नव्हता. आता तो चालवायचा दुसराच आणि मी फक्त धुवायचो, ही गोष्ट वेगळी.

अकरा वर्षं मी क्लीनर होतो. पुढची एकोणीस वर्षं ड्रायव्हर. पण अमेरिकेत सगळ्यांना सांगितलं ते तीस वर्षं ड्रायव्हर. म्हणलं, इथं कोण तपासायला बसलंय? तपासायला बसलेला माणूस आमच्याच घरात, आमच्या समोरच्या खोलीत राहत होता.

तो म्हणजे माझा व्याही. सुनेचा बाप. पुण्याचा, पाटबंधारे खात्यातला रिटायर इंजिनियर. बायको वारल्यावर मुलीकडे अमेरिकेत, चँडलर गावात आला, ग्रीन कार्ड घेतलं आणि कायमचा राहिला. मी आणि आमची ही सहा महिने यायचो आणि परत जायचो. म्हणजे घर माझ्या मुलाचं, पण पाव्हणा मी आणि मालक तो. साखरेचा डबा कुठल्या कपाटात आहे ते त्याला माहीत असायचं, मला नाही. तोच डबा हलवतो असा माझा संशय होता. ही म्हणायची, "अहो, तुम्हाला साखर बंद आहे म्हणून सून लपवते." असेल. पण राग त्याच्यावर धरलेला बरा. सुनेवर धरला तर जेवायचं कुठं?

हा दिवसभर करायचा काय, तर खेळण्यातले ट्रक जोडायचा. त्याच्यासमोर खेळणं म्हणायची सोय नव्हती, स्केल मॉडेल म्हणायचं. बॉक्समध्ये प्लास्टिकचे पार्ट येतात, एका सांगाड्याला चिकटलेले. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. खऱ्या ट्रकचा पंचविसावा भाग. इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर, सगळं असतं आत. फक्त डिझेल चोरायला मिळत नाही. गॅरेजमध्ये त्यानं टेबल मांडलं होतं, वर भिंगाचा दिवा आणि भिंतीवर सरकारी अक्षरात पाटी: "विनापरवानगी हात लावू नये." त्याला सोडलं तर घरात मराठी वाचणारे आम्ही चौघं. त्यातल्या तिघांना हात लावायची हौस नव्हती. पाटी कुणासाठी होती ते कळायला चौथी नापास पुरे होतं.

माझं तोंड बंद राहावं म्हणून मुलानं मलाही एक किट आणून दिलं. बॉक्सवर "आठ वर्षांवरील मुलांसाठी" असं इंग्रजीत लिहिलं होतं, ते व्याह्यानं मला मुद्दाम मराठीत करून सांगितलं. कसं जोडायचं तो कागद मी उघडलासुद्धा नाही. चार तासांत ट्रक उभा केला. अकरा पार्ट उरले.

"हे काय?" व्याही म्हणाला.

"स्पेअर. कंपनीनं दिलेत."

"व्याही, ह्यातला एक पुढचा ॲक्सल आहे."

"म्हणून तर हलका झालाय."

त्यानं ट्रक उचलला आणि पुढची दोन्ही चाकं गळून जमिनीवर पडली. तो वाकून चाक उचलायला गेला. तीनदा बोटांतून निसटलं. त्याचा उजवा हात थरथरतो हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

सुनेनं मला बाजूला घेऊन सांगितलं. हाताचं वाढतच जाणार आहे, डॉक्टरनं स्पष्ट सांगितलंय. गावातल्या मॉडेलवाल्यांची दर वर्षी स्पर्धा असते. बाबा तीनदा दुसरे आले. या वर्षी लांब नाकाचा लाल ट्रक करतायत, पाच महिने झाले, आणि पहिलं यायचंय. कारण ह्यानंतर हात चालणार नाही.

"अप्पा, हे बाबांचं लास्ट आहे. तेवढं होईपर्यंत भांडू नका, प्लीज."

"मी कुठं भांडतो? मी फक्त उत्तर देतो."

उत्तर द्यायची पाळी तो रोज आणायचा. शनिवारी मुलगा आम्हाला देवळात न्यायचा. मी पुढं बसायचं म्हणून डाव्या दाराकडे जायचो आणि दार उघडलं की समोर स्टिअरिंग. सात वेळा अमेरिकेत येऊन गेलो, ही खोड गेली नाही. व्याही मागच्या सीटवरून म्हणायचा, "चालवू द्या त्यांना. तीस वर्षांचा अनुभव आहे."

मग एकदा तिथल्या मराठी मंडळातली दोन-तीन जोडपी जेवायला आली. मी रंगात आलो. सेंधव्याच्या घाटात ब्रेक गेले आणि मी वीस टन कांद्यासकट गाडी कशी खाली आणली, ते सांगत होतो. बायका हातात घास धरून ऐकत होत्या. व्याह्यानं पाण्याचा घोट घेतला आणि अगदी अदबीनं विचारलं, "त्या वेळी स्टिअरिंगवर आपण होतात का? नाही, वहिनी परवा म्हणाल्या की पहिली अकरा वर्षं आपण गाडी धुवायला होतात."

सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. तेवढंच मला येतं. हिच्याकडे बघितलं तर ही भात वाढण्यात गर्क.

"धुवायला का होईना," मी म्हणलं, "खरा ट्रक होता साहेब. तुमच्यासारखा बादलीत बुडणारा नव्हता."

दुसऱ्या दिवसापासून मला गॅरेज बंद. शेवटचा बघितला तेव्हा त्याचा ट्रक लालभडक होता, तोंड दिसेल असा. त्यानंतर अडीच महिने आम्ही एकमेकांशी हिच्यामार्फत बोललो. "वहिनी, त्यांना म्हणावं टीव्हीचा आवाज कमी करा." "अगं, साहेबांना सांग, बहिऱ्याला मोठाच लागतो." एकाच टेबलावर बसून. जेवताना तो लेकीला ट्रकबद्दल काय काय सांगायचा, खडूची पूड, ब्रश, कुठं किती टाकली. मी मुद्दाम आमटी भुरकायचो, आवाज करून, म्हणजे त्याचं बोलणं कानावर पडायला नको. हे भुरकणं मला पुढं महागात पडलं.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी साडेसहाला मी चहा शोधत खाली आलो. व्याही आंघोळीला गेला होता. जेवणाच्या टेबलावर त्याचा ट्रक, शेजारी न्यायचा बॉक्स. मी बघतो तर काय, ट्रकची पार रया गेलेली. चाकांपासून पायरीपर्यंत चिखल, काचेवर धूळ, धुराड्याखाली काळे ओघळ, बंपरला गंज. आठ महिने काम केलं म्हणे, आणि स्पर्धेला निघाला हे असलं ध्यान घेऊन!

आता खरं सांगतो. घाण बघून मला वाईट वाटलं नाही, आनंद झाला. मनात सगळं नाटक तयार. हा ट्रक मी आरशासारखा करून ठेवणार, हा आंघोळ करून येणार आणि मी म्हणणार, घ्या साहेब, धुणाऱ्यानं धुऊन दिला. लेकीसमोर, जावयासमोर. त्या जेवणाची परतफेड.

कोमट पाणी घेतलं, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश. आधी टप, मग बॉनेट, चाकं शेवटी, शिकवलं तसं. सिंकमध्ये तांबडं पाणी वाहत होतं. हात आपोआप चालत होते. मी शिट्टीसुद्धा वाजवली. शेवटी त्याचंच चष्म्याचं फडकं घेऊन पुसला.

तो आला, खांद्यावर टॉवेल.

"घ्या साहेब," मी म्हणलं. "धुणाऱ्यानं धुऊन दिला."

मला वाटलं खजील होईल, नाहीतर ओरडेल. त्यानं खुर्ची ओढली आणि बसला. उजवा हात टेबलावर ठेवला, तर शेजारच्या बशीतला चमचा वाजायला लागला. थांबेचना. सून जिन्यावरून धावत आली, मागोमाग मुलगा आणि ही.

"अप्पा! ओ माय गॉड, काय केलंत?"

मग मला कळलं. ट्रक रंगवायला त्याला फार वेळ लागला नव्हता. अडीच महिने लागले ते घाण करायला. खडूची पूड, रंगाची भुकटी, थरथरता हात दुसऱ्या हातानं धरून, चिमूट चिमूट. स्पर्धेत बघतात ते तेच, ट्रक रस्त्यावर राबल्यासारखा दिसतो का. वरून लॅकर, म्हणजे पारदर्शक वार्निश, मारला की धूळ धुळीसारखी दिसत नाही, म्हणून त्यानं लॅकर मारला नव्हता. सगळं पाण्यानं निघण्यासारखं. जेवताना रोज हेच चाललेलं, आणि मी भुरकत होतो.

"वहिनी," व्याही म्हणाला, आवाज अगदी हळू, "ह्यांना माझ्यासमोरून न्या." आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आतून म्हणाला, "मी कुठंही येणार नाही."

सून रडायला लागली. मुलगा माझ्याकडे बघेना. मी हिला म्हणलं, "मला काय माहीत, मला वाटलं..."

"तुम्हाला काही वाटलं नाही," ही म्हणाली. "तुम्हाला त्यांचं नाक कापायचं होतं. आता धुतलाय ना? मळवा."

अकराला स्पर्धा होती. हातात तीन तास. मी त्या पाटीखाली जाऊन बसलो. अंगणातली माती चहाच्या गाळणीतून तीनदा चाळली. त्याच्या डब्यांतली पूड घेतली, पेन्सिलीचं शिसं घासलं. इंग्रजी येत नाही, कागद वाचता येत नाही, पण ट्रकवरची घाण म्हणाल तर त्यात माझी पदवी झालेली आहे. चाक चिखल कुठं फेकतं, पायरीवर बूट कुठं घासतो, डिझेलच्या झाकणाखाली ओघळ सरळ येत नाही, वाऱ्यानं मागं सरकतो. व्याह्यानं पुस्तकात बघून केलं असेल, मी अंगावर घेतलेलं होतं. वायपर काचेवर पंखा काढतो तसा काढला. आणि शेवटी असं एक सुचलं की मीच मला शाबासकी दिली. ड्रायव्हर खिडकीत कोपर टेकून बसतो, त्या जागचा रंग जातो. माझ्या उजव्या कोपराला अजून काळा घट्टा आहे. बाही वर करून घट्टा बघितला आणि बारीक पॉलिशपेपरनं ट्रकच्या दारावर तेवढीच जागा घासली, खालचं प्लास्टिक दिसेपर्यंत, वर शिसं चोळलं. अगदी उघडा पत्रा. म्हणलं, साहेबाला आठ महिन्यांत हे सुचलं नाही.

ट्रक बॉक्समध्ये भरला. मुलानं आणि सुनेनं व्याह्याला कसाबसा गाडीत बसवला.

हॉलमध्ये त्यानं बॉक्स उघडला, ट्रक टेबलावर ठेवला. चष्मा पुसला. समोरून बघितलं, डावीकडून बघितलं. डिझेलच्या ओघळापाशी बराच वेळ थांबला. मग म्हणाला, "हं."

त्या माणसाकडून सात वेळच्या मुक्कामात मला मिळालेलं हे पहिलं बक्षीस. मी ताठ उभा राहिलो.

परीक्षक आला. दांडगा म्हातारा, पांढरी दाढी, हातावर गोंदलेलं. सून म्हणाली, हेपण पूर्वी ट्रकच चालवायचे. त्यानं बारीक बॅटरीचा उजेड पाडून चिखल बघितला, मान हलवली. ओघळ बघून हसला, व्याह्याच्या खांद्यावर थाप मारली. व्याह्याचे कान लाल झाले. मग म्हातारा टेबलाला वळसा घालून पलीकडे गेला आणि थांबला. वाकला. स्वतःचं डावं कोपर हवेतल्या खिडकीबाहेर काढून दाखवलं. मग ट्रकच्या उजव्या दारावर बोट ठेवलं आणि काहीतरी विचारलं.

व्याही उजवीकडे गेला. दार बघितलं. बराच वेळ बघितलं.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

अडीच महिन्यांनी तो माझ्याशी सरळ बोलला. "विचारतोय, ड्रायव्हर इकडे डावीकडे बसतो. मग उजव्या खिडकीत हे कोपर कुणाचं घासलंय?"

मी उजवी बाही खाली ओढली. पण जीभ माझी, ती थांबते होय? "सांगा त्याला," मी म्हणलं, "क्लीनरचं."

ते व्याह्यानं इंग्रजीत केलं नाही. म्हाताऱ्यानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडे गेला. पहिला नाही, दुसरा नाही, तिसराही नाही. नंबर पुकारून झाल्यावर व्याह्यानं ट्रक बॉक्समध्ये ठेवला. झाकण लावायला त्याला चार वेळा प्रयत्न करावा लागला. मी मदतीला हात पुढं केला तर त्यानं बॉक्स पोटाशी ओढून घेतला.

पार्किंगमध्ये ऊन नुसतं भाजत होतं. व्याही बॉक्स मांडीवर घेऊन मागं बसला. त्याची नजर नको म्हणून मी घाईघाईनं पुढं गेलो, दार उघडलं आणि बसायला वाकलो. समोर स्टिअरिंग.

मागून आवाज आला, शांत, पाटीवरच्या अक्षरांसारखा.

"व्याही, तुम्हाला गाडी धुता येत नाही, मळवता येत नाही. निदान बसायला तरी शिका."