पिंडाशी दिलेला शब्द

दादा गेला त्याच्या दहाव्या दिवशी कावळा पिंडाला शिवेना. ऊन चढत होतं, भटजी घड्याळ बघत होते. वहिनींची काळजी करू नकोस, मुलांचं शिक्षण होईल, असं एकेकाने पुढे होऊन सांगितलं. शेवटी मी हात जोडले आणि म्हणालो, "दादा, तुझ्या गाडीचे ब्रेक मी करून देतो." कावळा आला. त्या कावळ्याने माझ्यावर विश्वास ठेवला. माणसाने ठेवला नसता.

दादा पिकअप चालवायचा. मुलुंडच्या एका बेकरीचा माल पहाटे दुकानादुकानांत पोहोचवायचा. मी विलेपार्ल्याला एका छापखान्यात मुद्रितं तपासतो. जाण्यापूर्वी महिनाभर तो फोनवर सांगत होता, गाडी डावीकडे ओढते, ब्रेक चिकटतो. "रविवारी घाटकोपरला ये. फक्त ब्रेकवर पाय ठेवायचाय, बाकी मी करतो." मी तीन रविवार पुढच्या रविवारी नक्की येतो म्हणालो. माझ्या टेबलावर एका जाड कोशाची मुद्रितं होती. चौथ्या रविवारच्या आत दादा झोपेतच गेला. हृदय बंद पडलं. ब्रेकचा आणि मरणाचा काही संबंध नव्हता. हे वाक्य मी स्वतःला बऱ्याचदा ऐकवलं आहे.

शोकसभेत मी दोन पानं लिहून वाचली. लोकांना ती आवडली.

बेकरीवाला सव्वा महिना थांबला. मग वहिनींना म्हणाला, सोमवारपासून गाडी आली नाही तर दुसरा माणूस लावतो. वहिनींकडे लायसन्स होतं, दादानेच आग्रहाने काढायला लावलेलं. त्या स्वतः चालवणार होत्या. म्हणून आदल्या रविवारी सकाळी मी घाटकोपरला गेलो. दादाचा मित्र, त्याच स्टँडवरचा पिकअपवाला, आधीच येऊन बसला होता.

"आलास का रे, पंडित," तो म्हणाला. "पुस्तक संपलं?"

त्याने गाडी गल्लीतून एक चक्कर मारून आणली आणि बाटलीतलं पाणी पुढच्या चाकांवर शिंपडलं. उजवीकडे ते नुसतं ओघळलं. डावीकडे चर्रकन वाफ झाली. जॅक लावून चाक उचललं तर ते हाताने फिरेना.

"पॅड नवीन आहेत," वहिनी म्हणाल्या. "यांनी दोनदा बदलले."

"पॅडचं नाहीये हे." त्याने चाकामागचा छोटा नट पान्याने सैल केला. तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं. नट आवळून त्याने मला ब्रेक दाबायला लावला. चाक पुन्हा अडकलं. या वेळी त्याने रबरी पाइपाच्या वरचा, लोखंडी नळीचा जोड सैल केला. चाक तसंच घट्ट.

"समजलं? वरून मोकळं केलं तरी सुटत नाही, खालून केलं की सुटतं. मधला रबरी पाइप आतून फुगलाय. जोरात दाबलं की तेल आत जातं, पाय काढला की परत येत नाही."

बाहेरून तो पाइप धडधाकट दिसत होता. एक चीरसुद्धा नव्हती.

"रविवारचं दुकान कुठे उघडं असणार आता," तो पुटपुटला.

वहिनी गाडीत चढल्या. सीटच्या मागून त्यांनी आधी एक काठी बाहेर काढून ठेवली, मग एक पिशवी. पिशवीत नवा पाइप होता, पाकीट न फोडलेलं.

मित्राने पाइप उलटसुलट करून पाहिला. "म्हणजे त्याला कळलं होतं?"

"कळलं होतं," वहिनी म्हणाल्या.

काठी झाडूच्या दांड्याची होती, दोन्ही टोकांना नीट कापलेली. मित्राने तिचं एक टोक सीटला टेकवलं, दुसरं ब्रेकच्या पेडलवर. बरोबर बसली. दादाने ती मापाने कापली होती. ब्रेक दाबून धरायला, खाली जाऊन चाक बघता यावं म्हणून.

"मग पाइप का नाही बसवला यार त्याने?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"पाइप बदलला की तेलात हवा शिरते, ती काढावी लागते," मित्र म्हणाला. "पेडल मारायचं, धरायचं, परत मारायचं. काठी नुसती धरून ठेवते. मारायला माणूस लागतो." मग वहिनींकडे वळून, "मला का नाही बोलला? मी दोन गाड्या सोडून उभा असतो."

वहिनी माझ्याकडे बघत नव्हत्या. "मी म्हटलं होतं तुम्हाला बोलवा म्हणून. म्हणाले, नको, भाऊ येतो बोललाय. त्याला वाईट वाटेल."

मी सीटवर बसलो. खालून आवाज येत राहिला. मार. मार. धर. पुन्हा मार. मी मारत होतो, धरत होतो. सुरुवातीला पेडल चिखलात पाय घातल्यासारखं खाली जायचं, मग हळूहळू टणक होत गेलं. सगळं मिळून पाऊण तास लागला असेल. त्यात माझं काम जेमतेम दहा मिनिटांचं.

वहिनी एकट्या चक्कर मारून आल्या आणि उतरून त्यांनी डाव्या चाकाजवळ हात नेला. गार होतं. "उद्या जाते," त्या मित्राला म्हणाल्या.

मी सामान आवरायला लागलो. जुना पाइप कचऱ्याच्या डब्यात टाकला, मग काठी उचलली.

"छान वाचलंत तुम्ही त्या दिवशी," वहिनी म्हणाल्या. "सगळे म्हणत होते." त्यांनी माझ्या हातातून काठी घेतली, सीटच्या मागे जिथे होती तिथे सरकवली आणि दार लावलं. "ही राहू दे, भावजी. लागेल."